पाचव्या सूर्याचा चेहरा

लालासाहेब बसत नसे. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याच्याबरोबर काम करताना मला सगळ्यात जास्त ताप याचाच झाला. चहा उभ्यानं, भाकरी उभ्यानं, चित्रसुद्धा उभ्यानं. ज्या गुळगुळीत दगडावर चित्र काढून ते कागदावर छापतात ती शिळा त्याच्या छातीपर्यंत यावी म्हणून त्यानं दोन रिकाम्या पेट्या एकीवर एक रचल्या होत्या. तिच्यावर दोन रेघा मारायच्या आणि दारापर्यंत जाऊन यायचं, की पुन्हा दोन रेघा, पुन्हा दार. त्यात एक पाय अधू, म्हणजे येण्याजाण्याचा आवाजही धड एकसारखा नाही. मी शेजारी प्रुफं तपासत असे. माझा स्वभाव मुळात तिखट. एकदा वैतागून म्हटलं, "लालासाहेब, पायांना चाकं बसवून देऊ का तुमच्या?"

"बसवा की मास्तर. पर एका जागी थांबाय सांगू नका. थांबलं की लोकं तोंडाकडं बगत्यात."

सातव्या वर्षी त्याला देवी आल्या होत्या, आणि जाताना त्यांनी त्याच्या तोंडावर बोट टेकायला जागा ठेवली नव्हती. आपल्याकडे या रोगाला देवी म्हणून हात जोडतात आणि ज्याच्या तोंडावर ती उमटते त्याला हसतात. मीही हसलो असेन. पहिल्या दिवशी तो छापखान्यात शिरला तेव्हा मी मान खाली घातली, हे मात्र मला पक्कं आठवतं.

ते सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात. मी सकाळी सांगलीत मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचो आणि दुपारी तात्यांच्या छापखान्यात शुद्धलेखन बघायचो. तात्या म्हणजे छापखान्याचे मालक. त्यांच्याकडं हळदीच्या व्यापाऱ्यांची लेबलं, लग्नपत्रिका आणि देवादिकांची कॅलेंडरं छापली जायची. लालासाहेब इस्लामपूरच्या बाजूच्या एका वाडीचा. घरी थोडा ऊस, भाऊ शेतात, हा पलटणीत. तिथं तो गाड्यांवर नंबर आणि रस्त्यांच्या पाट्या रंगवायचा. इटलीत मांडीत गोळी लागली, चार महिने इस्पितळात काढले, आणि लढाई संपल्यावर एक ट्रंक घेऊन घरी आला. पाट्या रंगवायचं काम मिळेल का, असं विचारायला तो आला होता. हातचं काम दाखवा म्हटल्यावर त्यानं एक वही तात्यांच्या पुढं ठेवली.

पहिल्याच पानावर एक माणूस आगीत उडी घेत होता. पुढच्या पानावर चंद्र, आणि चंद्रावर ससा.

तात्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हा ससा तर आपलाच. पण हे देव कुठले हो?"

"मेक्सिकोचं."

मग त्यानं दारापर्यंत दहादा जाऊन येत सगळं सांगितलं. इस्पितळात शेजारच्या खाटेवर मिगेल नावाचा अमेरिकन पलटणीतला गडी होता, घराणं मूळचं मेक्सिकोचं. दोघांचं मिळून इंग्रजी पन्नास शब्दांचं, त्यामुळं बोलणं पेन्सिलीनं चालायचं. एका संध्याकाळी चंद्र वर आला. दोघांनी एकदम त्याच्याकडं बोट केलं आणि दोघांनीही हाताची दोन बोटं वर करून सशाचे कान दाखवले. दोस्ती पडली ती तिथं. पुढं महिनाभर मिगेल त्याच्या पूर्वजांच्या, म्हणजे अ‍ॅझ्टेक लोकांच्या देवांची चित्रं काढत राहिला आणि लालासाहेब ती आपल्या वहीत उतरवत राहिला.

गोष्ट अशी. आपल्याआधी चार सूर्य होऊन गेले. पहिल्या सूर्याचं जग वाघांनी खाल्लं, दुसरं वाऱ्यानं नेलं, तिसऱ्यावर आगीचा पाऊस पडला, चौथं पाण्यात बुडालं. मग सगळे देव अंधारात जमले. पाचवा सूर्य व्हायचं तर कुणीतरी जळत्या कुंडात उडी घ्यायला हवी होती. एक देखणा, श्रीमंत देव छाती काढून पुढं आला. चार वेळा कुंडापर्यंत धावला आणि चारही वेळा मागं फिरला. बाजूला एक गरीब देव उभा होता, अंगभर फोड आलेला. त्यानं डोळे मिटले आणि उडी घेतली. तोच सूर्य झाला. देखण्याला लाज वाटली, त्यानंही मागून उडी टाकली आणि तोही तितकाच तळपायला लागला. दोन सूर्य कसे चालतील? तेव्हा एका देवानं त्याच्या तोंडावर ससा फेकून मारला. तो मंद झाला, त्याचा चंद्र झाला.

"ही गोष्ट सांगताना मिगेलनं माज्या तोंडाकडं बोट केलं," लालासाहेब म्हणाला, "आन मग खिडकीतनं सूर्याकडं. आजपतुर लय जनांनी बोट केलं मास्तर. त्यो एकटा हसला न्हाई."

तात्यांना वीस वर्षं हळदीची लेबलं छापून विटल्यासारखं झालं होतं. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं की मुलांसाठी पाच सचित्र पुस्तकांची माला काढायची, एका सूर्याचं एक पुस्तक. चित्रं लालासाहेबाची, मजकूर माझा. मी कॉलेजातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांकडून एक जाड इंग्रजी ग्रंथ आणला आणि देवांची नावं पाहून कपाळाला हात लावला. देखण्या देवाचं नाव असं होतं की उच्चारताना तोंडातलं पान बाहेर पडावं. त्याच्या नावात शंखाचा संबंध होता, म्हणून आम्ही त्याला शंखवाला म्हणू लागलो. फोडवाल्याचं नाव नानावात्सिन. छापखान्यात तो दोन दिवसांत नाना झाला.

कागदावर तेव्हा सरकारी नियंत्रण होतं. तात्यांनी अर्जविनंत्या करून पाच पुस्तकांच्या हजार-हजार प्रती निघतील इतका कागद मिळवला. वर एक ताव नाही.

पुस्तकांची मांडणी लालासाहेबानं जमिनीवर खडूनं आखली. पहिल्या चार पुस्तकांची मुखपृष्ठं चौकोनात शेजारी शेजारी ठेवली की एक मोठं चक्र तयार व्हायचं, आणि पाचवं पुस्तक त्यांच्या मधोमध ठेवलं की चक्राला चेहरा यायचा. कडेला पायऱ्यापायऱ्यांची नक्षी, प्रत्येक पुस्तकाला काळ्या शाईबरोबर एकच रंग. मी म्हटलं, मुलं पुस्तकं वाचतील की जमिनीवर मांडत बसतील? तो म्हणाला, दोनी करूं द्या की.

पण एका फटक्यात मनासारखं झालं म्हणेल तर तो लालासाहेब कसला. पहिल्या पुस्तकातला वाघ त्यानं आपल्या डोंगरातल्या बिबट्यासारखा काढला होता. मी ग्रंथात बघून सांगितलं की त्यांच्याकडच्या वाघाच्या अंगावरच्या कड्यांत आणखी एकेक ठिपका असतो. माझीच जीभ आगाऊ. त्यानं तयार शिळा पुसायला लावली आणि दीडशे कडी नव्यानं काढली. चौथ्या पुस्तकात जगबुडीचं पाणी त्याला जमेना, तर भर श्रावणात रोज सकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन येरझाऱ्या घालायचा आणि भिजून परत यायचा. "पानी उगंच वाटतंय. पुसा," म्हणायचा. मला रात्री स्वप्नातसुद्धा "पुसा" ऐकू यायला लागलं होतं.

पुसण्याचं काम केरबाचं. केरबा आमचा शिळा घासणारा आणि यंत्र चालवणारा, साठीकडं झुकलेला, अक्षरशत्रू, पण शिळेवर केसाएवढा डाग राहिला तर त्याला अन्न गोड लागत नसे. देवाचं चित्र असलेली शिळा तो जमिनीवर टेकवत नसे. आधी हात धुवायचा, वहाणा बाहेर काढायचा, उदबत्ती लावायचा, मग शाई. ही पुस्तकं परदेशी देवांची आहेत असं मी त्याला एकदा समजावलं. तो म्हणाला, "देव त्यो देव. त्येला काय गाव असतंय?" आणि उदबत्ती लावली.

चार पुस्तकं माघ संपेपर्यंत छापून झाली. पाचव्याच्या वेळी लालासाहेबानं घरून एक आरसा आणला आणि पेट्यांच्या टेबलावर उभा केला. चार दिवस कुणाला बघू दिलं नाही. पाचव्या दिवशी त्यानं आणि तात्यांनी मिळून शिळेवरून नमुन्याचा एक ताव काढला, कारण केरबा तेव्हा मलकापूरला भावाकडं जत्रेला गेला होता.

मी ताव उजेडात धरला. आगीतून वर येणारा नाना होता, डोळे मिटलेले, भोवती किरण, आणि तोंड लालासाहेबाचं. एकेक वण जागच्या जागी होता. एकही लपवलेला नव्हता.

तात्या म्हणाले, "लालासाहेब, चित्र उत्तम आहे. पण उडी घेतल्यावर तो सूर्य झाला ना? मग आता तरी तोंड स्वच्छ नको का? मुखपृष्ठावर हे बघून मुलं दचकतील. शाळा पुस्तक घेणार नाहीत."

"वण ऱ्हानार."

"अहो, पण..."

"तात्या, वण ऱ्हानार. न्हाईतर पाची पुस्तकांवरचं माजं नाव काढा आन मला सुट्टी द्या."

तो बाहेर निघून गेला. मी मागून गेलो. वैरणीच्या बाजारापर्यंत तो पुढं आणि मी मागं. शेवटी मीच ओरडलो, "अहो, थांबा की! एवढं काय आहे त्या वणांत?"

तेव्हा त्यानं सांगितलं. त्याला एक मुलगी होती, शालू, नऊ वर्षांची. हा इटलीत असताना तिलाही देवी आल्या. घरी पत्र लिहिणारं कुणी नव्हतं. दोन वर्षांनी हा दारात उभा राहिला तर पोरगी तोंडावर फडकं ओढून चुलीपुढं बसलेली. शाळा सोडली होती. आडावर जात नव्हती. पोरी म्हणायच्या, बापावर गेली.

"तिला ही वही दाखवायची," मी म्हटलं.

"दावली की. गोष्टबी सांगितली. म्हनली, आबा, ह्ये तुमी काढलंय. माज्यासाठी काढलंय. खरं न्हाई ह्ये." त्यानं रस्त्यावरचा एक खडा उगाच पायानं ढकलला. "छापल्यालं पायजे, मास्तर. शाळंत गेल्यालं पायजे. छापल्यालं तिला खरं वाटंल."

मी परत येऊन तात्यांशी भांडलो. इतका भांडलो की तात्या म्हणाले, "बरं बाबा, राहू देत वण, पण तू आवाज खाली कर." लालासाहेब गावी निघाला. बायकोला आणि शालूला घेऊन तो येणार होता; पुस्तक छापताना तिनं डोळ्यांनी बघावं असं त्याच्या मनात होतं. सर्व्हिस मोटारीत चढताना त्यानं मला बजावलं, "केरबा उद्या येतोय. त्येला तेवडं सांगा. तोंडाला हात लावू नको म्हनावं."

"सांगतो," मी म्हटलं.

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नवव्या पानावर दोन ओळी खालीवर लागल्या होत्या, तिसऱ्या दिवशी शीर्षकातली एक वेलांटी तुटली. मी खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याशी हुज्जत घालत दोन दिवस काढले. केरबा आतल्या खोलीत शिळेवर वाकून बसला होता, दाराशी वहाणा काढलेल्या होत्या, उदबत्तीचा वास येत होता. मला वाटलं, चाललंय काम. चौथ्या दिवशी यंत्र सुरू झालं. दोरीवर ताव वाळत घातले होते. मी त्यांतला एक खाली घेतला, शीर्षकाच्या ओळी तपासल्या, वेलांटी तपासली, आणि "छान निघालंय" म्हणून केरबाच्या पाठीवर थाप मारली. चेहऱ्याकडं मी पाहिलंच नाही. आयुष्यभर अक्षरं तपासणाऱ्या माणसाला अक्षरंच दिसतात, ही काही सबब नव्हे. मला माझी लाज वाटते.

सहाव्या दिवशी दुपारी लालासाहेब आला. मागं त्याची बायको अंबूबाई, आणि तिच्या पदराला धरून एक सडपातळ पोर, डोळ्यांच्या खाली घट्ट फडकं बांधलेलं. केरबा लगबगीनं पुढं झाला. त्याच्या हातात ताव होता.

"लालासाब, जल्माचं काम झालं बगा! शिळंवर देवाच्या तोंडावर लय डाग पडलं व्हतं. कुनी शाई उडवली कुनास ठाऊक. दोन दिस बसून ब्लेडच्या टोकानं एकेक काढला. आता कसं तुकतुकीत दिसतंय!"

लालासाहेबानं ताव घेतला. नानाचं तोंड गुळगुळीत होतं, कॅलेंडरवरच्या कुठल्याही देवासारखं.

"किती छापलं?" त्यानं विचारलं.

"समदं. हजार. शिळाबी घासून ठिवली, हळदीची लेबलं लागायची हायती."

लालासाहेबाचा हात वर गेला. केरबाला काय चुकलं ते कळेना, तो तसाच हसऱ्या तोंडानं उभा राहिला. मी मध्ये पडलो. "त्याला मारू नका. चूक माझी आहे. मी त्याला सांगितलंच नाही." आणि हेही खरंच होतं की महिनाभरापूर्वी एका लेबलावर लक्ष्मीच्या गालावर काळा ठिपका आला, तेव्हा याच केरबाला मी चारचौघांत झापलं होतं. देवाच्या तोंडावर डाग दिसत नाही का तुला, असं विचारलं होतं. त्यानं माझंच ऐकलं होतं.

लालासाहेबानं हात खाली घेतला. माझ्याकडं पाहिलं. मला शिव्या द्यायला हव्या होत्या त्यानं. दिल्या नाहीत. तो दाराकडं गेला, परत आला, पुन्हा गेला. तात्या म्हणाले, "नवा कागद तर मिळायचा नाही. दुसऱ्या शिळेवर नुसते वण काढू, त्याच तावांवर पुन्हा एकदा छापू."

"कागद जरा सरकला तर वण आभाळात पडत्याल," लालासाहेब म्हणाला.

एवढ्या वेळात शालू तावाजवळ गेली होती. ती चित्राकडं बघत होती. बघून झाल्यावर ती केरबापुढं जाऊन उभी राहिली.

"बाबा, ह्येच्या तोंडाव वण व्हतं?"

"व्हय पोरी."

"तुमी काढलं?"

"व्हय."

"समदं निघालं?"

"एकबी ऱ्हायला न्हाई," केरबा म्हणाला. त्याला वाटलं, निदान ही तरी आपलं कौतुक करतेय.

शालूनं फडकं नाकाखाली ओढलं. "मग माजं काढता?"

अंबूबाईनं तोंडात पदर कोंबला. तात्या भिंतीकडं वळले. लालासाहेब दारात होता तिथंच थिजला. आणि केरबाला तेव्हा कळलं. त्यानं पोरीच्या तोंडाकडं पाहिलं, मग बापाच्या, मग तावाकडं. म्हातारा मटकन खाली बसला आणि पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. "आयो, काय केलं मी ह्ये," म्हणत त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. शालू घाबरून दोन पावलं मागं झाली. तिनं साधी गोष्ट विचारली होती.

केरबा उठला. हात धुऊन आला. लालासाहेबाच्या पेट्यांवर बोरू आणि शाईची दौत होती, ती त्यानं उचलली. जन्मात कधी बोरू धरला नव्हता. मूठ आवळून, ब्लेड धरतात तसा त्यानं तो धरला. पहिला ताव समोर घेतला, त्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि नानाच्या गालावर एक ठिपका दिला.

"तिथं न्हाई," शालू म्हणाली.

"मग कुटं?"

"हितं." तिनं आपल्या गालावर बोट ठेवलं.

केरबानं तिच्याकडं पाहून दुसरा ठिपका दिला. मग तिसरा. ती शेजारी येऊन उभी राहिली. हितं मोठा हाय, हितं दोन जवळजवळ हायती, म्हणून सांगू लागली. मी दुसरा बोरू शोधला, तात्यांनी तावांचा गठ्ठा सोडला. लालासाहेब पुढं आला, पण शालूनं त्याला हातानंच थांबवलं. "तुमचं नगो आबा. बाबा माजं काढत्यात."

केरबाचे डोळे भरलेले, त्याला धड दिसत नव्हतं. "पोरी, हनवटीवरचं कळंना मला," तो म्हणाला.

शालूनं फडकं सोडून पेटीवर ठेवलं आणि तोंड खिडकीकडं, उजेडात केलं.